पाचवं कार्ड

मास्तरांना मारलं ते भर दुपारी, टीव्हीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, लोखंडी गजाने. पहिला घाव गुडघ्यावर, दुसरा जबड्यावर, आणि खाली पडल्यावर बुटांनी बरगड्यांत. पाकीट, घड्याळ, फोन सगळं जागच्या जागी होतं. फक्त शर्टाचा खिसा फाडलेला होता. पोलिसांनी ही खिशाची गोष्ट बाहेर फोडली नव्हती. ती ठाऊक होती फक्त मास्तरांच्या धाकट्या बहिणीला, कारण रक्ताने कडक झालेला तो शर्ट ओळखून सही तिनेच केली होती.

ही बहीण म्हणजे त्यांच्याच कार्यक्रमाची निर्माती. स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणत. अकरा वर्षं दर रविवारी मास्तर एकेका पुढाऱ्याला समोर बसवून सोलत, आणि ताई वर काचेमागच्या कंट्रोल रूममधून त्यांच्या कानात बोलत असे. खुर्चीत बसायची हौस तिलाही होती. एकदा तिने ती बोलून दाखवली, तेव्हा भावाने तोंडावर सांगितलं होतं, "छोटे, तू पाहुण्याला मधेच तोडतेस. तुझ्याने गप्प बसवत नाही. ही खुर्ची तुझं काम नाही." ते तिला झोंबलं, आणि खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

चार आठवडे झाले तरी मास्तरांच्या जबड्यात तारा होत्या. बोलणं बंद, पाटीवर लिहिणं, तेही दोन शब्द लिहून हात गळायचा. वाहिनीच्या मालकांनी ताईला सांगितलं, "नवा माणूस तू निवड, पण आज निवड." तिला एवढंच हवं होतं की दादाची खुर्ची भलत्याच्या बुडाखाली जाऊ नये.

निवडीची रीत ठरलेली. उमेदवार खुर्चीत बसायचा, समोर मंत्री म्हणून बसायचा फ्लोअर मॅनेजर, ज्याला सगळे मुकादम म्हणत. तीन कॅमेरे खरोखर चालू असायचे. आणि स्टुडिओचा एक कायदा होता: ताईचा तळवा उघडा दिसला तर चालू ठेवायचं, मूठ दिसली तर कट. मूठ दिसेपर्यंत छत कोसळलं तरी कुणी फ्रेममध्ये शिरायचं नाही. एकदा दिवा फुटून मास्तरांच्या मांडीवर काचा पडल्या होत्या, तरी कुणी हललं नव्हतं.

पहिला उमेदवार प्राध्यापक. त्याचा प्रश्न संपेपर्यंत मुकादमला जांभई आली. दुसऱ्या वकीलबाई. त्या मुकादमवर इतक्या खेकसल्या की बिचारा खोटा मंत्री असूनही खरा घाबरला. तिसरा आला तो बातम्या देणारा हिरो. हे त्याचं टोपणनाव, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. चेहरा गोड, आवाज त्याहून गोड. मास्तर पडल्यावर इस्पितळात पहिला गुच्छ त्याचाच आला होता.

तो बरा बोलला. ताईने त्याच्या कानात सांगितलं, "शेवटचा प्रश्न. मंत्र्याला घाम फुटला पाहिजे."

हिरो पुढे झुकला. "पूल पडला त्या सकाळी तुमच्या मुलाची गाडी पुलाच्या अलीकडून मागे वळली. त्याला फोन कुणाचा आला होता?"

ताईने प्रश्न ओळखला. मास्तर हाताने पाच कार्डं लिहायचे. चार टेबलावर, पाचवं शर्टाच्या खिशात. हा प्रश्न मास्तरांना मारलं त्या रविवारच्या पाचव्या कार्डावर होता, त्या दिवशी पाहुणा म्हणून आलेल्या खऱ्या मंत्र्यासाठी. मेकअपच्या खोलीत दोघांनी शब्द न् शब्द घासून तो बसवला होता, आणि वेळ संपल्यामुळे तो खिशातच राहिला होता. तिसऱ्या माणसाने तो ऐकलेला नव्हता. हिरोच्या हाती सोन्यासारखा प्रश्न लागला आणि त्याच्याने तो पोटात ठेववला नाही. या धंद्यातल्या माणसाला चोरीचा हार लपवता येईल, चांगला प्रश्न नाही.

ती जिना उतरून खाली आली. तिला त्याचा गळा दाबावासा वाटत होता. मुकादमला उठवून ती हिरोला म्हणाली, "आता बाजू बदलू. तू पाहुणा हो, मी विचारते." ती भावाच्या खुर्चीत बसली. उजवा तळवा उघडून टेबलावर ठेवला.

"प्रश्न छान होता. कुठून आणलास?"

"अभ्यास, ताई."

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. जिभेवर शिव्या आल्या होत्या, त्या तिने गिळल्या.

"म्हणजे मास्तरच एकदा बोलले होते," हिरो हसला. ती गप्प. "त्याच दिवशी. कार्यक्रमानंतर." ती गप्प. त्याच्या ओठावर घाम आला. "असं काय बघता? कार्ड खाली पडलं होतं, मी उचललं. खिसा मी नाही फाडला!"

कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून हेडफोन पडला. हिरोने कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पाहिला आणि टेबलावरून झेप घेतली. खुर्चीसकट ती मागे आदळली. तिचं डोकं फरशीवर आपटलं, त्याचे दोन्ही अंगठे तिच्या गळ्यात रुतले.

"बंद करा ते!" तो ओरडला. मुकादम एक पाऊल पुढे आला. ताईचा उजवा हात वर गेला. तळवा उघडा. मुकादम रडवेला होऊन जागीच थांबला.

"मी फक्त मागचं दार दाखवलं!" हिरो तिचं डोकं आपटत होता. "मारा म्हटलं नव्हतं मी! दम देऊ म्हणाले होते! मंत्र्याचा मुलगा म्हणाला, म्हातारा गेला की खुर्ची तुझी. गज त्याच्याच गाडीत होता!" तिच्या डोळ्यांपुढे अंधारलं. नाकातून रक्त आलं. पण वर धरलेल्या हाताची बोटं ताठ होती. "ऊठसूट दादा दादा करतेस ना! तो विव्हळत होता आणि मंत्र्याचा मुलगा हसत होता, माहितेय तुला?"

आणखी काही येईना, तेव्हा तिने मूठ वळली.

मग जे झालं त्याला आवर नव्हता. मुकादमने स्टूल त्याच्या पाठीत मोडलं. कॅमेरावाल्यांनी त्याला केसांना धरून ओढलं आणि पोलीस येईपर्यंत लाथाडलं. त्याचे दोन दात टेबलाखाली सापडले. ताईला कुणाचीही कीव आली नाही.

तिला भावाच्याच वॉर्डात आणलं, गळ्याला पट्टा, आवाज बंद. मास्तरांनी मुकादमच्या फोनवर सगळं चित्रण पाहिलं होतं. पाटीवर त्यांनी रागाने लिहिलं, "मूठ इतक्या उशिरा?"

तिने खडू घेतला. "पाहुणा बोलत होता."

मास्तरांनी ती अक्षरं वाचली. त्यांचे डोळे वाहू लागले. मग बाहीने पाटी पुसून त्यांनी हात गळेपर्यंत लिहिलं, "खुर्ची तुझी. आधी मंत्र्याला बोलाव."