उभं शेत

सासूबाईंचं खालचं शेत उभं होतं. पीक उभं असेल असं कुणालाही वाटेल, पण नाही, शेतच उभं होतं. खडीच्या खाणीने ते भाड्याने घेतलं, तेव्हा वरची काळी माती खरवडून कडेला लांबलचक ढीग रचला. घरांकडे धूळ कमी जावी म्हणून, आणि खडी काढून झाली की तीच माती परत पसरायची म्हणून. खडी कधीच काढून झाली. ढीग मात्र होता तिथेच. सासूबाईंनी त्यावर भोपळ्याचे वेल सोडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "माझं शेत जरा पाय मोकळे करायला उभं राहिलंय."

तो ढीग रचला होता त्यांच्याच जावयाने. तो खाणीत लोडर चालवायचा. सकाळी केबिनमध्ये चढलं की काचेतून पहिलं दर्शन सासूबाईंचं. वेलांमधून त्या हाक मारायच्या, "जावईबापू, तुमच्या यंत्राला खोकला झालाय. जरा बघा हं." थट्टा करायच्या, पण आदरात कुठे कसर नाही. नात शाळेत जायला लागली तरी ह्यांचं आपलं 'बसा ना', 'घ्या ना' चालूच. सख्ख्या लेकीला दिवसभर फैलावर घ्यायच्या आणि जावयाला मात्र पाहुण्यांच्या कपातून चहा. तो कप हातात धरला की बिचारा अवघडून जायचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. आपल्यालाही कुणीतरी 'गाढवा' म्हणावं, असं त्याला फार वाटायचं. पण असली गोष्ट मागायची तरी कशी?

आता खाणीला त्यांचं वरचं शेतही हवं होतं. सासूबाईंकडे तेवढंच उरलं होतं. नवी जमीन मिळाली नाही तर खाण बंद, लोडर बंद, आणि जावयाला बायको-पोरीला घेऊन कुठेतरी लांब काम शोधावं लागणार. खाणीच्या मॅनेजरने हे सगळ्या कामगारांच्या कानावर घातलं होतं, आणि कामगारांकडून ते घरोघरी पोचलं होतं. कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी करायचा हे ठरवणाऱ्या समितीने सुनावणी ठेवली. पण आधी मालकिणीची संमती हवी होती.

आदल्या संध्याकाळी तो वरच्या शेतात गेला. सासूबाई गाजरं उपटत होत्या.

"तुम्ही उद्या नाही म्हणणार ना?" त्याने विचारलं.

"बघू या. तुम्ही ही गाजरं घेऊन जा."

गाजरं अजून बोटाएवढीसुद्धा झाली नव्हती. गाजरं भरायच्या आधीच ही बाई शेत रिकामं करायला बसली आहे, म्हणजे उद्या होच म्हणणार, हे त्याच्या लक्षात आलं. पिशवी घेऊन तो घरी आला.

सुनावणीचा हॉल भरला होता. समितीच्या अध्यक्षबाई पेशाने दंतवैद्य होत्या. त्यामुळे त्यांनी "बोला" म्हटलं की माणसं आधी दचकायची. सासूबाई मात्र न दचकता माइकपाशी गेल्या.

"माझी संमती आहे," त्या म्हणाल्या.

"काही अट?"

"जावयाचं काम टिकावं. लेक आणि नात जवळ राहाव्यात. बाकी काही नाही."

आवाज खणखणीत होता, पण हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून त्यांनी त्याची दोरी केली होती. ते पाहून जावई उठलाच.

"त्यांना द्यायचं नाहीये," तो म्हणाला. "माझ्यासाठी म्हणून देतायत. बाई, आधीचं शेत मी उभं केलंय, ह्या हातांनी. ते परत आडवं करू, असा शब्द खाणीने दिला होता. त्याच्यावर भोपळे आले, पण माती काही खाली आली नाही. आता हे दुसरं मला उभं करायला लावू नका. लोडर काय, मी कुठेही चालवीन."

मॅनेजर स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

"बस खाली!" सासूबाई कडाडल्या. माइक चालूच होता. "गाढवा, नोकरी जाईल ना तुझी! तुला कुणी मध्ये तोंड घालायला सांगितलं? पोरीला घेऊन कुठे वणवण फिरणार आहेस?"

"मग तुम्ही कच्ची गाजरं कशाला उपटत होता?"

"वर तोंड करून बोलतोस?"

सगळा हॉल ऐकत होता. जावयाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. त्याच्याकडे बघता बघता सासूबाईंचाही राग ओसरला.

"बाई, संमती आहे की नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. आधीचं आडवं करा, मग नवीन मागायला या. तेव्हाही नाहीच म्हणणार आहे मी."

वरचं शेत शेतीसाठीच राहील, आणि खालच्या शेताची माती खाणीने आधी परत पसरावी, असं समितीने ठरवलं. माती पसरायची म्हणजे लोडर हवाच. काही काळ तरी काम राहिलं, पुढचं पुढे बघता येईल.

बाहेर आल्यावर सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "जावईबापू, चारचौघांत भलतंच बोलून गेले. मनावर घेऊ नका. पुन्हा नाही व्हायचं असं."

त्याचा चेहरा पडला. "होऊ दे की," तो पुटपुटला. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या पुढे चालू लागल्या.

भोपळे उतरवून झाले आणि त्याने ढिगात लोडर घातला. काळी माती पुन्हा खाली येऊ लागली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून बांधावर उभ्या होत्या, तोंडातून चकार शब्द नाही. त्याने एकदा वळून पाहिलं, मग पुन्हा एकदा. शेवटी नाद सोडून तो कामाला लागला.

तेवढ्यात इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढला, "अरे ए! आंधळा आहेस का? तिथे पाणी साचतं, डावीकडे घे!"

त्याने इंजिन बंद केलं आणि डोकं बाहेर काढलं. "काय म्हणालात?"

"बहिराही झालास का गाढवा? डावीकडे घे म्हटलं!"

ऐकू त्याला पहिल्या हाकेलाच आलं होतं.