आवाजाचे टायर

"हे टायर गेलेत असं कोण म्हणालं तुम्हाला?" टायरवाल्याने उकिडवं बसूनच विचारलं. त्याचा अंगठा टायरच्या खाचेत रुतला होता, आणि खाच चांगली खोल होती.

काकांनी चाकाकडे बोट केलं.

"कोण म्हणालं म्हणजे? भर वळणावर घसरली गाडी. दगडावर आपटून रिमा वाकल्या, त्या दिसत नाहीत का?"

"रिमा वाकल्याच आहेत, आता ठोकूनही सरळ व्हायच्या नाहीत. पण रबरात अजून जीव आहे हो. या टायरवर गाडी घसरायला नको होती."

आपले टायर चांगले निघाले म्हणून तोंड उतरलेलं गिऱ्हाईक त्या टायरवाल्याने जन्मात पाहिलं नसेल. इतर लोक हात जोडतात, अजून थोडे दिवस चालतील ना म्हणून. आणि इथे काका मनातल्या मनात देवाला विनवत होते की एखादी तरी चीर सापडू दे, एखादा तरी फुगवटा निघू दे.

काका म्हणजे दवाखान्याच्या गाडीचे ड्रायव्हर. गाडी चारही चाकांनी ओढणारी, डोंगरावरच्या वस्त्यांवर जाऊन आजारी माणसं आणि अडलेल्या बाया खाली आणणारी. केस काळे होते तेव्हापासून काका ती चालवत होते. ते खरं कुणाचेच काका नव्हते, पण दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळेच त्यांना काका म्हणत. गेल्या खेपेला एका बाईला घेऊन उतरताना गाडी घसरली. बाई सुखरूप, पुढे बाळही सुखरूप, पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यात एकमुखाने ठरलं की टायर गुळगुळीत झालेत. काकांच्या हातावर शंका घेणारा माणूस त्या दवाखान्यात अजून जन्माला यायचा होता, आणि तिथे तर रोज कुणी ना कुणी जन्माला येत होतं. काकांनीही मान डोलावली. टायरच, दुसरं काय!

"ते राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "रिमा बदलायच्याच आहेत तर टायरही बदलून टाका. मंजुरी मिळाली आहे, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही." सिस्टर म्हणजे प्रत्येक खेपेला मागे पेशंटपाशी बसणारी नर्स. इतकी वर्षं दोघं एकाच गाडीतून हिंडत होते, पण पाठीला पाठ लावून. दवाखान्याच्या आवाराबाहेर आज पहिल्यांदाच त्या काकांच्या शेजारी बसून आल्या होत्या.

रिमांचं पटकन जमलं. टायरवाल्याने आधी चकचकीत मिश्रधातूच्या दाखवल्या. काका म्हणाले, "या आरसा म्हणून दाढी करायला ठीक आहेत. आपल्याला लोखंडी द्या. थोडी वाकली तर हातोड्याने सरळ तरी होते."

घोडं अडलं ते टायरांवर. टायरवाल्याने दोन टायर समोर उभे केले. "हे चिखलाचे. तुमच्या गाडीला आहेत तसलेच. रबराचे गठ्ठे मोठे, कसल्याही राड्यातून ओढून काढतील. पण डांबरावर गुंई गुंई करतात आणि धक्के देतात. हे दुसरे सगळीकडे चालणारे. चिखलात उन्नीस-बीस, पण ओल्या रस्त्यावर पकड चांगली. आणि आवाज म्हणाल तर नाहीच."

"हे," सिस्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या टायरवर हात ठेवला.

"छे छे!" काका जवळजवळ ओरडलेच. "चिखलाचेच घ्यायचे. कायम तेच होते."

"कायम होते म्हणूनच नकोत. काका, तुम्ही कधी मागे बसला आहात का? बाई कळा देत असते. मी कानात नळ्या घालून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला बघते आणि ऐकू काय येतं, तर तुमच्या टायरांची गुंई! दर थोड्या वेळाने गाडी थांबवा म्हणून बोंबलावं लागतं. परवाही त्यासाठीच ओरडले होते ना मी?"

काकांना ते चांगलंच आठवत होतं. सिस्टर ओरडल्या, "काका, थांबा जरा, ठोके ऐकायचेत." त्यांनी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. आणि गाडी वळणावरून सरळ निघाली.

"आवाजाची सवय असते गाडीला," ते म्हणाले.

"गाडीला कसली सवय? तुम्हाला असेल," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी हे सहज म्हटलं होतं, पण काकांनी मान दुसरीकडे वळवली.

कारण खरी गोष्ट तीच होती. काकांच्या तळपायांना काही कळेनासं झालं होतं. सुरुवात त्यांच्या लक्षातच आली नाही. एके दिवशी ते घरी आले आणि बायको दारातच किंचाळली, "अहो, हे रक्त कुणाचं?" चपलेतून खिळा वर येऊन टाचेत घुसला होता आणि हे गृहस्थ दिवसभर त्याच्यावर उभं राहून गाडी धूत होते. मग गुपचूप लांबच्या डॉक्टरकडे जाणं झालं, साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. कुणाला बोलू नकोस असं त्यांनी बायकोला बजावलं. तेव्हापासून ती बिचारी रोज सकाळी चष्मा लावून नवऱ्याचे तळवे उलटसुलट करून तपासत असे, कुठे काटा नाही ना, चिरलं नाही ना. आजही तपासता तपासता म्हणाली, "रिमा बदला, टायर बदला. पायांचं काय?"

"पाय काय दुकानात मिळतात?" काका खेकसले आणि चहा अर्धा टाकून निघाले.

पण गाडी ते अजून चालवत होते, आणि चालवत होते ती कानांनी. टायरांची गुंई चढली की वेग चढला, सूर खाली आला की ब्रेक लागला. पायाखाली नेमकं काय आहे, किती दाबलं आहे, हे सगळं त्यांना तो आवाज सांगत असे. एखाद्या वाजंत्र्यासारखं त्यांनी ते घोटून घोटून जमवलं होतं आणि मनातून त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. परवाच्या वळणावर रस्त्यावर वरून माती वाहून आली होती. मातीत टायर बोलत नाहीत. तेवढा एक क्षण काका आंधळे झाले. निदान त्यांना तशी शंका होती. ती खोटी ठरावी, दोष टायरांचाच निघावा, म्हणून तर ते सकाळपासून जीव मुठीत धरून इथे उभे होते.

"भांडू नका हो," टायरवाला म्हणाला. "मी हे बिनआवाजाचे चढवतो. चारही एका मापाचे, नाहीतर आतले गिअरचे दाते एकमेकांशी भांडायला लागतील. मागच्या रस्त्याने एक फेरी मारून या. नाही पटले तर उतरवतो, त्यात काय एवढं?"

नाही कसं म्हणायचं? जुनी चाकं उतरली, नवी चढली. टायरवाल्याने नट आवळले. काका गाडीत बसले, खाली वाकून नजरेनेच पाय ब्रेकवर ठेवला आणि मग किल्ली फिरवली. सिस्टर शेजारी येऊन बसल्या.

गाडी रस्त्याला लागली आणि काकांनी कान टवकारले. काहीच ऐकू येत नव्हतं. इंजिनाची हलकी घरघर तेवढी, बाकी चाकं आहेत की नाहीत कोण जाणे. इतकी वर्षं शेजारी बसून बडबडणारं माणूस अचानक गप्प व्हावं तसं झालं.

"अगबाई!" सिस्टर हरखून म्हणाल्या. "काय छान वाटतंय! काका, यात मला मुंगीचेसुद्धा ठोके ऐकू येतील."

काका हसले, पण त्यांचे हात स्टिअरिंगला चिकटले होते. त्यांनी वेगाचा काटा बघितला, मग रस्ता, मग पुन्हा काटा. फेरी संपत आली. दुकानाचं फाटक आलं, आत जुन्या टायरांची चळत दिसली, तिच्यापलीकडे टायरवाला हातात कप घेऊन उभा. काकांनी ब्रेक दाबला. पाय खाली जातोय असं त्यांना वाटलं. चळत मात्र जवळ येतच राहिली.

"काका!"

धप्प आवाज झाला. चळत कोसळली, टायर चौफेर गडगडत सुटले आणि टायरवाला कपासकट टेबलावर चढला. गाडी एक गचका खाऊन बंद पडली.

कुणाला काही लागलं नव्हतं. टायरवाला खाली उतरला, बंपरवरून हात फिरवला आणि हसून म्हणाला, "होतं असं. नव्या टायरवर कारखान्यातल्या साच्याचं तेल असतं हो. सुरुवातीला घसरतात जरा."

खरंच असतं ते. काकांनाही ते ठाऊक होतं. कारण आयतं हातात आलं होतं, नुसती मान डोलावली की काम झालं असतं. परवा डोलावली तशीच. गाडी राहिली असती, आवाजाचे टायर मागून घेता आले असते, आणि घरी बायकोला छातीठोकपणे सांगता आलं असतं की बघ, टायरच होते.

त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर खाली बघत होत्या. काकांचा पाय अजूनही जिथल्या तिथे होता, अर्धा ब्रेकवर आणि अर्धा अ‍ॅक्सिलरेटरवर.

"टायर नाही घसरले, मालक," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "सिस्टर, मला पायाला काही कळत नाही. परवाही नाही कळलं."

सिस्टर गाडीतून उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या, दार उघडलं. त्यांनी काकांना एका आडव्या पडलेल्या टायरवर बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि त्यांची चप्पल काढली. पर्समधलं पेन काढून त्याचं टोक तळव्यावरून ओढलं.

"कळतंय?"

"काय?" काकांनी विचारलं.

सिस्टरांनी पेन बंद केलं. मग मात्र त्यांचा तोल सुटला. "मागे ती बाई होती, काका! मी होते! पोटातलं पोर होतं! एका शब्दाने बोलला असतात तर?"

"बोललो असतो तर गाडी गेली असती."

"आणि दरीत गेली असती म्हणजे?"

 काकांना लाज वाटत होती, आणि भीतीही, पण ती सकाळची भीती नव्हती. ती कुठेतरी विरली होती. ती गेली हे त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच रडू यायला लागलं. सिस्टरांनी पदराने स्वतःचे डोळे पुसले, काकांची चप्पल पुन्हा त्यांच्या पायात घातली आणि पट्टा नीट लावला.

टायरवाला उगाच नट आवळायचे पाने आवरत होता. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "मग काका... कुठले ठेवू?"

काकांनी पलीकडे भिंतीला टेकवलेल्या जुन्या टायरांकडे पाहिलं. त्यांच्या गठ्ठ्यांत डोंगरावरची तांबडी माती अजून सुकून बसलेली होती.

"हेच राहू द्या," ते म्हणाले. "बिनआवाजाचे. सिस्टरांना ठोके ऐकू यायला हवेत. आणि जादाचं चाकही याच मापाचं द्या बरं का. नवा ड्रायव्हर येईल, त्याला काय माहीत?"

किल्ली त्यांनी स्वतःच सिस्टरांच्या हातात ठेवली. दवाखान्याच्या आवारात हौसेने त्यांनीच सिस्टरांना गाडी शिकवली होती. परवाना निघाल्यापासून तो नुसता पर्समध्ये पडून होता.

"क्लच सावकाश सोडा. रागावलाय तो माझ्यावर, पण काढेल तुमच्यावर."

"गप्प बसा आता," सिस्टर म्हणाल्या. पण क्लच सावकाशच सोडला.

गाडी निघाली. काका शेजारच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. खालून कसलाच आवाज येत नव्हता. घरी बायकोला काय सांगायचं, याची ते जुळवाजुळव करू लागले, आणि मग लक्षात आलं की तिला काही सांगायची गरजच नाही, रोज गाडीने दाराशी येणारे ते आज चालत घरी आलेले दिसले की तिला कळेल. पुढे चौकात कुणीतरी म्हातारी रस्ता ओलांडत होती. सिस्टरांनी अलगद ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, मागे कुणी झोपलेलं असतं तर त्याला जागही आली नसती.

काकांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय पुढे गेला होता आणि नुसत्या पत्र्याला करकचून दाबत होता. खालचं पायपुसणं गोळा होऊन आलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तो पाय उचलला आणि डाव्या पायाशेजारी नीट आणून ठेवला.