एनिडची गाडी

अंगणातल्या गाडीच्या स्टीअरिंगचं चाक एकदाचं सुटून क्लिफर्डच्या मांडीवर आलं, आणि त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीवर काठीची टकटक झाली. त्याने मान वर केली. काचेपलीकडे त्याची बायको एनिड उभी होती. दुपारी ती झोपते म्हणून तर त्याने ही वेळ साधली होती.

तो चाक हातात घेऊनच दारापर्यंत गेला.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"गाडी उघडतोय."

"कोणाची?"

"आपली."

"माझी," एनिड म्हणाली. "तिच्यात पेट्रोल भरलं मी, शेवटची चालवली मी. आणि मला विचारलंस का, हे मी विचारणारच नाही, कारण नाही विचारलंस. ते चाक बाहेर ठेव. वंगण लागतंय माझ्या फरशीला."

टॉडमॉर्डनच्या अर्ध्या गावाला एनिडने गाडी शिकवली होती आणि ती याच फिकट निळ्या गाडीत. खाटीक, बँकेतल्या मुली, एकदा तर खुद्द पाद्रीबाबा. गेल्या ऑक्टोबरात तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि पाय लुळे पडले, आणि दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर गेली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं आता विसरा. "कायमचं?" एनिडने विचारलं. डॉक्टर हातातलं पेन फिरवत बसले. त्यांनी दिलं नाही ते उत्तर क्लिफर्डने मनातल्या मनात देऊन टाकलं.

गाडी अंगणातल्या भिंतीशी उभी राहिली. खिडक्यांच्या रबरावर शेवाळ धरलं. ती रोज नजरेला पडून एनिडला त्रास होत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं तर त्रास त्याच्या पायांना होत होता. गालिच्यांच्या गिरणीत तो माग दुरुस्त करायचा. मागांच्या रांगांमधून दिवसभर भिरभिरत असायचा. गिरणी बंद पडली तेव्हाही त्याने डोंगरातल्या पायवाटा पालथ्या घालून दिवस काढले होते. आता मात्र घर. तिच्या गोळ्या, तिच्या हाताचे व्यायाम, टीव्ही, परत गोळ्या. बसल्या जागी त्याच्या टाचा जमिनीवर ताल धरायच्या. अशात एका मासिकात त्याने ते चित्र पाहिलं. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची गाडी. दारं नाहीत, छप्पर नाही. चौकोनी नळ्यांचा सांगाडा घरीच जोडायचा, आणि इंजिन, गिअर, मागच्या चाकांचा दांडा सगळं एखाद्या जुन्या गाडीतून काढून त्यात बसवायचं. लोक आपापल्या शेडमध्ये हे करत होते. आणि जुनी गाडी तर अंगणातच होती.

दोन दिवस एनिड कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "परत जोडतो सगळं."

त्याचा गिरणीतला मित्र बर्नार्ड वेल्डिंगचं यंत्र घेऊन आला होता. त्याने गाडीच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. "लेका, हा पत्रा नाही, चहात बुडवलेलं बिस्किट आहे. काय जोडणार तू? इंजिन तेवढं ठणठणीत आहे बघ."

"म्हणजे माझ्यासारखंच," दारातून एनिड म्हणाली. बर्नार्डला हसावं की नाही ते कळेना. "कर आता काय करायचंय ते, क्लिफ. पण अर्धवट टाकलंस ना, तर तुला त्यात बसवून उतारावरून ढकलून देईन."

क्लिफर्डला तेवढी परवानगी पुरली. सकाळचा चहा उभ्यानेच पिऊन तो गॅरेजात जायचा. नळ्या कापायच्या, घासायच्या, बर्नार्डकडून जोडून घ्यायच्या. एक कोन चुकला की सगळं सोडून पुन्हा. जेवायला आला तरी त्याचं लक्ष खिडकीतून बाहेर. एनिडच्या हाताचे व्यायाम आधी दोनदाचे एकदा झाले, मग "उद्या करू" झाले.

"तू गाडी करत नाहीयेस," एकदा जेवताना एनिड म्हणाली. "तू पळतोयस. फक्त अंगणापर्यंतच पोचलायस एवढंच."

"काहीतरीच तुझं," तो म्हणाला आणि बशी सिंकमध्ये ठेवून बाहेर पडला.

मार्चमधल्या एका सकाळी तो ग्राइंडर घेऊन सांगाड्याचे जोड घासत होता. काम रंगात आलं होतं. यंत्र थांबवून तो पाना शोधायला घरात गेला, तर एनिड स्वयंपाकघरात जमिनीवर. पाठ कपाटाला टेकलेली, शेजारी किटली आडवी. स्कर्ट भिजून गार पडला होता. किती वेळ झाला असेल, ते पाण्याच्या थंडपणावरून त्याला कळलं.

"हाक मारायची नाहीस का?"

"मारल्या." तिने त्याच्याकडे पाहिलं. "मग म्हटलं, कशाला घसा फोडा. तुझं यंत्र थांबेल तेव्हा थांबेल."

त्याने तिला उचलून खुर्चीत बसवलं. कोरडे मोजे आणले. एक मोजा त्याने तिच्या पायात आधी उलटा चढवला, मग काढून पुन्हा सरळ चढवला.

त्या दिवशी त्याने सांगाड्यावर ताडपत्री ओढली. मग तो घरातच राहिला. व्यायाम वेळच्या वेळी झाले. मधल्या वेळात त्याने सगळे नळ घासले, जिन्याच्या पायऱ्या घासल्या, चमच्यांचा खण लावला आणि पुन्हा लावला. एनिडच्या खुर्चीमागून तो इतक्या वेळा गेला की तिला टीव्हीवरचं एकही वाक्य धड ऐकू येईना.

"बस!" शेवटी ती ओरडली. "अरे, पिंजऱ्यातला लांडगा बरा. जा त्या गॅरेजात."

"नको."

"एकटा जा म्हटलं का मी? मला घेऊन चल. ती उशीची खुर्ची घे. आणि कानात घालायला काहीतरी दे, तुझ्या त्या यंत्राने कान किटतात."

त्यानंतर एनिड कोट घालून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन गॅरेजात बसू लागली. डावा हात ती आपणच उजव्या हाताने उचलायची, खाली सोडायची, पुन्हा उचलायची. मधूनच सूचना. पेडल फार जवळ आलीत, तुझे बूट केवढे आहेत बघ. आरसा असा लावलास तर तुला फक्त तुझं नाकच दिसेल. एकदा बर्नार्डने विचारलं, "नवरा कसा चालवतो गं गाडी?"

"पास झालाय," एनिड म्हणाली. "त्यापलीकडे काही विचारू नकोस."

जूनमध्ये निळ्या गाडीचं इंजिन नव्या सांगाड्यात उतरलं. उरलेला पत्रा न्यायला भंगारवाला आला. ट्रकवर ती चेपलेली निळी दारं चढवली जात असताना एनिड अंगणात उभी राहिली. ट्रक वळणाआड गेल्यावरही थोडा वेळ ती तशीच उभी होती. क्लिफर्डला तिथून आत जावंसं वाटलं. त्याने स्वतःला तिच्या शेजारी उभं ठेवलं.

"तुला विचारायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"हवं होतं."

सप्टेंबरात गाडी तपासणीत पास झाली आणि पहिल्याच कोरड्या रविवारी दोघं निघाली. दारच नसल्याने त्याने एनिडला उचलून बाजूवरून आत सोडलं. शेजारीण खिडकीतून बघत होती. "नवरी नेतोय म्हणावं," एनिड त्याच्या कानाशी पुटपुटली. चढावर ती म्हणाली, "दुसरा. दुसरा गिअर टाक, क्लिफ. ऐकू येत नाही का गाडी काय सांगतेय?" त्याने दुसरा टाकला. गाडी उसळून वर निघाली, आणि एनिड मोठ्याने हसली.

वर माळरानावर, पवनचक्क्यांच्या अलीकडे, तिने थांबायला लावलं. "मला त्या दगडी भिंतीवर बसव. तू पुढच्या फाट्यापर्यंत एक फेरी मारून ये."

"तुला इथे एकटीला टाकून?"

"बसायला येतं मला. एवढं केलंस, एकदा एकटा चालव तरी. मी सांगत बसणार नाही, तेव्हा कशी चालवतोस बघू."

तो गेला. रस्ता सरळ होता, रिकामा होता. वाऱ्याने डोळ्यांना पाणी आलं. पाय पेडलवर दाबला तशी गाडी जमिनीला घासून पळाल्यासारखी पळाली. परतायचं ठरलं होतं तो फाटा आला. तो वळला नाही. बर्नली गावाकडचा उतार समोर मोकळा पडला होता आणि त्या उताराला कुठेच शेवट नसावा असं त्याला वाटलं. किती तरी महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या पायांना कुठे जायचं नव्हतं. खाली पहिली घरं दिसू लागली, तेव्हा त्याने पेडलवरचा पाय उचलला. रस्त्याकडेला थांबला. इंजिन चालूच होतं. मग एका शेताच्या फाटकाशी त्याने गाडी वळवली.

एनिड भिंतीवर तशीच बसली होती, काठी गुडघ्यांत धरून. केस विस्कटलेले. मेंढ्या तिच्या बऱ्याच जवळ येऊन चरत होत्या.

त्याने इंजिन बंद केलं.

"फाट्यावरून नाही वळलास," ती म्हणाली.

"नाही."

"कळलं मला. आवाज लांब गेला, मग आलाच नाही."

"मग?"

"मग काय. थंडी वाजली."

तो उतरून तिच्याजवळ गेला. तिने उजवा हात त्याच्या मानेभोवती टाकला. तिला उचलून गाडीतल्या आसनावर टेकवून त्याने तिचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, गाडीच्या कडेवरून आत घेतला आणि खाली सरळ ठेवला. मग तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती वाकून नीट बांधली.