रागीचे दुधाचे दात

विद्याधरांना कंपवात झाल्याला तीन वर्षं होऊन गेली होती, आणि चौथ्या वर्षी त्यांनी घराबाहेर पडणंच बंद केलं. संपिगे रोडवर भाजी घ्यायला गेले असताना सुटे पैसे हातातून सांडले, दोन कॉलेजच्या मुलांनी ते वेचून दिले, एवढंच निमित्त. हेमलतानं खूप समजावलं. “लोकांना काय वेळ आहे हो बघायला?” पण ते खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच.

त्यांची मुलगी प्रांजली शहराच्या दुसऱ्या भागात, कोरमंगलाला पीजीत राहायची आणि रविवारी घरी यायची. नोव्हेंबरमधल्या अशाच एका रविवारी ती खोका घेऊन आली. खोक्यात अडीच महिन्यांचं, नाचणीच्या रंगाचं, गावठी कुत्र्याचं पिल्लू होतं. रस्त्यावरची पिल्लं सांभाळणाऱ्या कुणा बाईंकडून तिनं ते आणलं होतं, लस टोचून.

“मला विचारायचंस तरी,” विद्याधर म्हणाले. त्यांचा आवाजही अलीकडे बसत चालला होता. जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नसे.

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, बाबा.”

पिल्लानं खोक्यातून पाय काढला, फरशीवर घसरत घसरत थेट त्यांच्या खुर्चीखाली गेलं आणि त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपलं. त्याचं नाव रंगावरून त्यांनीच ठेवलं, रागी, म्हणजे कन्नडमध्ये नाचणी. पहिले आठ-दहा दिवस हेमलता स्वयंपाकघरातून डोकावायची, तेव्हा नवरा खाली वाकून काहीतरी पुटपुटत असलेला दिसायचा. ती पुढे न जाता तशीच मागे फिरायची. इतक्या दिवसांनी हा माणूस कुणाशी तरी आपणहून बोलत होता.

मग चावणं सुरू झालं.

तसं ते सगळ्यांनाच चावायचं. हेमलताच्या साडीचा काठ, शेजारच्या धनलक्ष्मीचा पदर, दारातल्या चपला, काही म्हणून सोडायचं नाही. दुधाचे दात ते, पण सुईसारखे. मात्र विद्याधरांचा उजवा हात दिसला की रागीला वेगळंच भरतं यायचं. खुर्चीच्या दांडीवर तो हात सारखा हलत असायचा, अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत असायची, आणि पिल्लू कान टवकारून, बुड हलवत त्याच्यावर झेप घ्यायचं. त्याच्या लेखी तो हात त्याच्याशी खेळतच होता. पंधरवड्यात मनगटापासून बोटांपर्यंत ओरखडे आणि टोचे. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली आणि वर विचारलं, “या वयात कशाला हा उपद्व्याप?”

प्रांजलीनं कुत्र्यांना शिकवणारी मुलगी शोधून पाठवली. तिचं नाव पवित्रा. तिशीच्या आतबाहेरची, बोलायला मोकळी. कन्नडमध्ये सुरुवात करायची आणि मध्येच हिंदीत शिरायची. आल्या आल्या ती फरशीवर मांडी घालून बसली आणि रागीच्या तोंडात आपला हात खुशाल दिला.

“चावायचंच नाही, असं आत्ताच शिकवायचं नाही आंटी. आधी हळू चावायला शिकवायचं. भावंडांत असता तर भावंडांनीच शिकवलं असतं. जोरात चावलं की ती ओरडतात आणि खेळ सोडून जातात. आपणही तेच करायचं.” रागीनं दात रोवले तशी ती मोठ्यानं “आऽ!” म्हणून ओरडली, हात तसाच स्थिर ठेवला, मग उठून पाठ फिरवून दाराकडे गेली. पिल्लू चकित होऊन बघत राहिलं. ती परत आली. या वेळी त्यानं हात नुसता चाटला आणि तिनं उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्यापुढे धरला. “बस, इतकंच. हात मात्र मागे ओढायचा नाही. हलला की त्याला वाटतं खेळ चालू आहे. हात एकदम झाडासारखा…”

बोलता बोलता तिची नजर खुर्चीकडे गेली.

विद्याधरांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. दोन्ही हात मिळून थरथरत होते. “सांगा ना पुढे,” ते म्हणाले. पवित्राला ऐकू गेलं नाही. हेमलतानं ते तिला मोठ्यानं सांगितलं.

“स्वल्प वेळ लागेल अंकल,” पवित्रा म्हणाली. “पण होईल.”

हेमलताशी रागी तीन आठवड्यांत सुधारला. ती “आई गं” म्हणून ओरडायची, स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायची, अर्ध्या मिनिटानं बाहेर यायची. दमल्यावर पिल्लू जास्त चावतं, म्हणून दुपारी त्याला टोपलीत झोपवायची आणि उठल्यावर हाताऐवजी चावायला दोरीची गाठ द्यायची. पुढे पुढे तो तिचं बोट तोंडात घ्यायचा तेही मऊ, ओठांनी धरल्यासारखं. धनलक्ष्मीसुद्धा कौतुकानं म्हणाली, “शाणा झाला हो तुमचा रागी.”

विद्याधरांशी काही होईना. ते ओरडले तरी तो आवाज पिल्लापर्यंत पोचतच नसे. उठून जायचं तर खुर्चीतून उठायलाच त्यांना दोन मिनिटं लागायची, आणि तेवढ्या वेळात रागी पायजम्याला लोंबकळून असायचा. आणि हात तर…

एका सकाळी हेमलता धुवायचे कपडे घेऊन न्हाणीघरापाशी गेली, तर आतून आवाज आला. “आई गं.” मग जरा मोठ्यानं, “आई गं!” मग खोकला. मग पुन्हा. तिला आधी वाटलं, पडले की काय. दाराला हात लावणार तोच तिच्या लक्षात आलं, ते सराव करत होते. छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात बारीक मोजमापाची यंत्रं जुळवलेला माणूस नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ओरडायला शिकत होता. ती कपडे तसेच घेऊन परत फिरली.

त्यांनी हार मानली नव्हती. गोळी घेतल्यावर तासाभरानं हात थोडा शांत होतो, हे त्यांनीच हेरलं. रोज अकराच्या सुमाराला ते रागीला बोलवायचे. काही दिवस खरंच जमलं. एकदा तर रागीनं लागोपाठ चार वेळा त्यांचा तळवा नुसता चाटला. “बघितलंस का?” त्यांनी हेमलताला विचारलं. रोगानं चेहरा दगडासारखा झाला होता, त्यावर हसू उमटत नसे, पण डोळ्यांत ते तिला दिसलं.

जानेवारीत थंडी वाढली आणि गोळीचा जोर अपुरा पडू लागला. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तर चक्कर यायला लागली. अकराची वेळही हातची गेली.

त्या मंगळवारी हेमलता बँकेत गेली होती. परत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि घरात एक बारीक, चिरका आवाज येत होता. विद्याधर खुर्चीत होते. हाताला रक्त होतं आणि काठी पुढे जमिनीवर पडली होती. रागी सोफ्याखाली भिंतीला चिकटून बसला होता.

“मी मारलं त्याला,” ते म्हणाले.

“काय?”

“काठीनं. दोनदा. एकदा मारल्यावर तो सोडून गेला होता. दुसरी मी उगाच मारली.”

तिनं या माणसाला पोटच्या पोरीवरही हात उगारलेला पाहिला नव्हता. त्यांच्यापाशी बसावं की पिल्लाला बाहेर काढावं, तिला कळेना. शेवटी ती जमिनीवर आडवी झाली, सोफ्याखाली हात घातला, आणि तेवढ्या वेळात मागे विद्याधर रडत होते, ते तिनं न वळता ऐकलं.

रागीच्या पायाचं हाड मोडलं नव्हतं, नुसती सूज होती. पण त्यानंतर रागी खुर्चीच्या जवळ जाईना. हात हलला की लांबूनच दात दाखवायचा आणि घशातल्या घशात गुरगुरायचा. चारच दिवसांनी, विद्याधर न्हाणीघराकडे निघाले असताना, त्यांचा लोंबता हात तोंडाजवळ आला म्हणून तो चावला. दोन टाके पडले.

पवित्रा येऊन बराच वेळ बघत बसली. मग हेमलताला गॅलरीत घेऊन गेली. “पहिलं चावणं खेळातलं होतं, आंटी. आताचं भीतीचं आहे. त्या हाताचीच त्याला भीती बसली आहे, आणि तो हात तर रोज हलणार. के. आर. पुरमला माझ्या ओळखीच्या कावेरी म्हणून आहेत, त्या घेतील त्याला. रागीसाठीसुद्धा तेच बरं.”

“यांना कसं सांगू मी?”

सांगावं लागलं नाही. गॅलरीचं दार उघडंच होतं. आत आल्यावर विद्याधर म्हणाले, “त्याची दोरीची गाठ द्या बरोबर. तिच्याशिवाय तो झोपत नाही.”

रविवारी प्रांजली न्यायला आली आणि खोलीच्या दाराशी उभी राहून रडली. “मीच आणलं, बाबा. माझंच चुकलं.”

“चूक कुणाची नाही,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “जा. ऊन वाढेल.” रागी तिच्या कडेवर बसून मजेत रिक्षातून गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पिल्लंच ती, कशाला बघतील?

तीन आठवड्यांनी पवित्राचा फोन आला. रागी अगदी मवाळ झाला होता. कावेरींची नात त्याच्या तोंडात बोट घालते, तरी तो दात लावत नाही, म्हणाली. हेमलताला हे लपवावंसं वाटत होतं, पण फोन ठेवताच विद्याधरांनी विचारलं, “चावतो का अजून?”

“नाही,” ती म्हणाली. “कुणालाच नाही.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ती तशीच हलत राहिली. ती होकाराची हालचाल होती की रोगाची, हेमलताला सांगता आलं नसतं.

त्या दुपारी तिनं नेहमीसारखं ताट वाढलं आणि वरणभातात चमचा ठेवला. सांडलं, अंगावर उडलं, अर्धं पानाबाहेर गेलं, तरी आजवर ते आपल्या हातानं जेवत होते. भरवते म्हटलं की चिडायचे. त्या दिवशी त्यांनी चमच्याकडे पाहिलं, हात मांडीवरून उचललाच नाही, आणि म्हणाले, “तूच दे.”

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. भात कालवला, घास केला. त्यांनी तोंड उघडलं. ते नको म्हणतील, म्हणून ती घास धरून क्षणभर थांबली. त्यांनी घास ओठांनी हळूच घेतला.