चाळीस सेकंद उशिराचं गाऱ्हाणं

ह्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि यंदा सप्त्याला गावी जाणं राहिलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! आठ दिवस नवरा तोंड पाडून बसलेला, मला बघवेना.

शेवटी आमच्या दीप्तीने गावच्या देवळातलं लाइव्ह तिच्या मोबाइलवर लावलं आणि आवाज नव्या स्पीकरवर सोडला. घाटकोपरच्या आमच्या दीड खोलीत ढोल घुमले. गावच्या मानकऱ्याने, गावकराने, देवापुढे गाऱ्हाणं सुरू केलं. त्याच्या एकेका मागणीला सगळ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तेव्हा ते देवाला पोचतं. हे पलंगावर हात जोडून, शिरा फुगवून ओरडत होते. शेजारची पद्मजा घाबरून डोकावून गेली.

तेवढ्यात ह्यांच्या मोबाइलवर देवळातून पुतण्याचा, सुयोगचा फोन. "बाळाकाका, नारळ फुटलो! आता घरांची गाऱ्हाणी. तुमच्या पायाचा पण घालतत."

इथे दीप्तीच्या मोबाइलवर गावकराने अजून नारळ हातात घेतला नव्हता.

ह्यांचा चेहराच उतरला. "म्हणजे गाऱ्हाणा सरल्यावर माझा व्हय? काय उपेग त्याचो?"

"बाबा, आपल्या सोसायटीची टाकी असते ना, तसंच हे," दीप्ती म्हणाली. "आवाज तुकड्यातुकड्याने येतो. मोबाइल आधी थोडा साठवतो, मग सोडतो. मधेच नेट गेलं तरी तुटू नये म्हणून. चाळीस सेकंद तरी जातातच."

"जळली मेली ती टाकी!" मी भडकले. "साध्या फोनला असते का गं?"

"नाही. म्हणजे, असून नसल्यासारखी."

"मग सुयोगला सांग, फोन ठेवू नको. आवाज मोठा करून गावकराच्या माइकला लाव!"

दीप्तीने स्पीकर बारीक करून माझ्याकडे स्वयंपाकघरात दिला, फोनमध्ये आवाज घुसायला नको म्हणून. बाहेर फोनवर गावकर म्हणाला, बाळाचो पाय बरो कर, पुढच्या वर्सा तुझ्या पायाकडे येऊ दे. हे खोकत खोकत ओरडले, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं झालं, फोन ठेवला.

मी चहाचं आधण ठेवलं. तोच हातातल्या स्पीकरवर तेच गाऱ्हाणं आलं. तोच ढोल, तेच लोक, आणि त्यांच्यात एक फाटका आवाज, खोकलासुद्धा तोच.

"अहो, ऐका!" मी आवाज मोठा करत बाहेर धावले.

ह्यांनी ऐकलं. डोळे भरून आले त्यांचे.

"शेवंते," ते म्हणाले, "मी थयच आसय गो, देवळात."

मला रडू आवरेना. 'व्हय' एवढंच म्हटलं.