सरांचं पाचवं शील

सिद्धोधन सरांनी केस जिंकली. पण ते आपण ऐकलंच नाही असं धरून चालू; गावानंही तसंच धरलंय.

तर सरांचं नाक आणि गाल लाल व्हायला लागले. आधी उन्हानं, मग चहानं, मग कशानंही. सर पालमला स्टँडसमोरच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं खुर्चीतूनच लांबून पाहिलं.

"रोज किती घेता?"

"दोन कप. पाहुणे आले तर तीन."

"कपातून घेता व्हय?" डॉक्टर हसला आणि बाहेरच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "दारू सोडा." मग एक ट्यूब लिहून दिली.

बाकावर गावातली सुलाबाई गुडघे धरून बसली होती. सर एसटीनं निघाले, बातमी मोबाइलवर निघाली. सर घरी पोचले तर आई, चांगुणाबाई, दारातच उभी.

"कवापासून लागली रं?"

ट्यूबनं आठवडाभर बरं वाटलं. मग चेहरा असा पेटला की वर्गातली पोरं फळ्याऐवजी सरांकडंच बघायला लागली.

सरांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. विहारात दर पौर्णिमेला पंचशील तेच सांगायचे आणि सगळी वस्ती त्यांच्यामागून म्हणायची. त्यांच्याआधी त्यांचे वडील सांगायचे. त्या पौर्णिमेला चौथ्या शीलापर्यंत सगळं सुरळीत चाललं. दारूपासून लांब राहण्याचं पाचवं सुरू झालं आणि अख्ख्या विहाराला खोकला आला.

वंदना झाल्यावर समितीचे तात्याराव जवळ आले. "सर, तुमी आता चारच सांगत जा. पाचवं मी सांगतो."

तात्याराव दर बाजाराच्या दिवशी घ्यायचे. पण त्यांचा चेहरा काही लाल होत नसे.

सर परभणीला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडं गेले. बाईंनी भिंग लावून पाहिलं. "हा रोझेशिया. न पिणाऱ्यालाही होतो. त्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडनं वाढलाय. ऊन, तिखट, गरम चहा टाळा. आणि चिडू नका."

चिडू नका हे ऐकून सर चिडले आणि थेट वकील पंकजाताईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भरपाईसाठी ग्राहक आयोग, डॉक्टरवर कारवाईसाठी वैद्यकीय परिषद," पंकजाताई म्हणाल्या. "पण नुसतं निदान चुकलं म्हणून भागत नाही. नीट न तपासता औषध दिलं आणि त्यानं नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. बाईंचं लेखी मत आणा, चेहऱ्याचे फोटो आणा."

"मला भरपाई नको ताई. माझं पाचवं शील परत पाहिजे."

"त्याला कलम नाही, सर. भरपाईच मागू."

फोटो बायकोनं, सुकेशनीनं काढले. मोबाइलनं आपल्या अकलेनं चेहरा गोरा आणि गुळगुळीत करून टाकला. फोटोतले सर पूर्ण बरे झालेले, शिवाय लग्नाला उभे.

"आता तुमालाच न्यावं लागतंय," सुकेशनी म्हणाली आणि तारखेच्या दिवशी डब्यात नुसता ठेचा बांधून दिला. सरांनी आयोगाच्या पायरीवर, भर उन्हात, तो संपवला आणि वर उकळता चहा ढोसला. आत डॉक्टरच्या वकिलानं विचारलं, "आजही घेऊन आलात का?" सर असे काही लाल झाले की बाईंचं लेखी मत वाचायच्या आधीच सगळ्यांना चेहऱ्याचं नुकसान पटलं.

निकाल सरांच्या बाजूनं लागला. पुढच्या पौर्णिमेला सर तो कागद घेऊनच विहारात गेले.

"जिंकलात? मंग पार्टी कवा?" मागून आवाज आला.

तात्यारावांनी कागद शेवटपर्यंत वाचला. "यात डॉक्टर चुकला असं हाय. सर पीत न्हाईत, असं कुठं हाय?"

सर संतापले. संतापल्यावर नाकानं जे करायचं तेच केलं. तात्यारावांनी नुसतं नाकाकडं बोट दाखवलं. पाचवं शील त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आयोगाला अर्ज धाडला:

"तरी मा. आयोगाच्या एका सन्माननीय सदस्याने दर पौर्णिमेस विहारात समक्ष हजर राहून, पाचव्या शीलापूर्वी अर्जदाराचे तोंड हुंगावे व तसा अहवाल ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावा. समितीचे श्री. तात्याराव यांचेही तोंड, शक्यतो बाजाराचा दिवस साधून, हुंगण्यात यावे, ही नम्र विनंती."