शेवंता पायरीवर हुबी हाय

कोगनोळीजवळच्या त्या गावात विहिरीला पाणी कसं लागलं, ही गोष्ट सांगायचा मान महारवाड्यातल्या ताराबाईच्या घराचा. मान म्हणजे काय, तर वर्षातून एकदा, चैतात, विहिरीपासून लांब चिंचेखाली बसायचं आणि सांगायचं. विहीर खणली, पाणी लागेना. मग ह्याच घरातली शेवंता नटवून खाली उतरवली. पायरीगणिक पाणी चढलं आणि तिला घेऊन गेलं. गोष्ट संपली की गावातल्या बायका खाली उतरून शेवंताची ओटी भरणार आणि ताराबाई लुगडं घेऊन घरी येणार. तिला पाणी मात्र ओढ्यातल्या डबऱ्याचं. पोरगी ह्यांनी द्यायची, पाणी गावानं प्यायचं! न्याय म्हणावा तर असा.

एक नियम पक्का होता. गोष्ट अर्धी राहिली तर शेवंता पायरीवरच उभी राहते, आणि गोष्ट पुरी होईतोवर कुणी घागर बुडवायची नाही.

निपाणीच्या धरणेंद्र मास्तरांनी ही गोष्ट लिहून नेली आणि वाचनालयात तिच्यावर व्याख्यान दिलं. ताराबाईला मुद्दाम बोलावून खुर्चीवर बसवलं. लोक आपल्यावरचा जुलूम गोष्टीत जपून ठेवतात, असं मास्तर सांगत होते. माणसं डोळे पुसत होती. गावचे मारुतीराव पाटीलसुद्धा, बरं का! ताराबाईला वाटलं, आता सुटलो. दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन विहिरीवर गेली, तर त्याच पाटलांनी हटकलं, "तारे, डोस्कं फिरलं का तुजं?"

ती तशीच ओढ्यावर गेली. त्याच डबऱ्याच्या पाण्यानं आदल्या उन्हाळ्यात ढाळ लागून तिची नात गेली होती. मेलेल्या शेवंतासाठी रडायचं आणि जित्या पोरींना गढूळ पाणी!

चैतात गाव जमलं. मास्तरही आले. हुंकार द्यायचा मान पाटलीणबाईंचा, म्हणजे दुर्गाबाईंचा. त्या "हूं" म्हणत गेल्या, ताराबाई सांगत गेली. पाणी शेवंताच्या कंबरेला लागलं आणि ताराबाई गप्प झाली.

"हूं. मग?" दुर्गाबाई म्हणाल्या.

"मग काय न्हाय. शेवंता हुबी हाय. तिच्या माणसास्नी पाणी भरू द्या, म्होरलं सांगते."

एकच गलका झाला. पाटील लालबुंद झाले. "मास्तर, तुमच्याकडं लिवल्यालं हाय न्हवं? वाचा शेवट, आन् मिटवा ही कटकट."

हे ताराबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्याच तोंडची गोष्ट आता आपल्याच गळ्याशी येणार.

"लिवल्यालं हाय, पाटील," मास्तर म्हणाले, "पर सांगायचा मान माजा न्हाय."

"तुमच्या शाळेच्या कमिटीत आमी हाय, ठावं हाय न्हवं?"

"हाय. तरी वाचणार न्हाय."

मग विहीर तशीच राहिली. "भरा की गं!" म्हणून पाटील ओरडून दमले, पण उतरते कोण? गावातल्या बायका नाकाला पदर लावून ओढ्यातल्या डबऱ्यावर येऊ लागल्या. अद्दल घडली ते बरंच झालं, असं ताराबाईला वाटलं. पण पाटलांची लेक ढाळानं अंथरुणाला खिळल्याचं ऐकलं, तेव्हा तिला घास गिळेना.

शेवटी नवऱ्याला न विचारता दुर्गाबाईच तिच्या दारात आल्या. डोळे रडून सुजलेले. "चल गं तारा. भर तुजी घागर. कोण आडवतंय ते मी बघते."

ताराबाई जन्मात पहिल्यांदा त्या विहिरीत उतरली. खाली कोनाड्यात शेवंताचा तांदळा होता, कुंकू लावलेला गोल दगड, पुढं हिरव्या बांगड्या आणि सुकलेली फुलं. आजीनं, आईनं, तिनं, सगळ्यांनी जन्मभर हिची गोष्ट सांगितली आणि हिचं तोंड एकीलाही बघायला मिळालं नव्हतं. ताराबाईला हुंदका फुटला.

वरून दुर्गाबाईंनी हुंकार दिला, "हूं. मग?"

ताराबाईनं ओंजळभर पाणी तांदळ्यावर घातलं.

"मग शेवंताच्या घरची माणसं तिला बघाय आली," ती म्हणाली, आणि तिनं घागर बुडवली.